चार दिसांची पाव्हणी

"आजोबा, जरा चप्पल काढा," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या तेव्हा उत्तरेश्वरला वाटलं, आपण चपलेसकट आत आलो म्हणून बोलणी बसताहेत. तो ओशाळला. दोन्ही चपला हातात घेऊन दाराकडं निघाला, तर बाई म्हणाल्या, "अहो, बाहेर कुठं निघालात? मला तुमचे पाय बघायचेत." आता लेकीच्या बाळाचं हृदय तपासायला बसलेल्या डॉक्टरनं बाळाच्या आजोबाचे पाय कशाला बघावेत, हे काही त्याच्या ध्यानात येईना. खोलीत अंधार केलेला होता. पुण्याहून महिन्यातून एकदा बीडला येणाऱ्या या बाईंच्या मशीनचा पडदा तेवढा करडा उजेड टाकत होता, आणि पलंगावर त्याची लेक कावेरी महिन्याभराच्या पोरीच्या छातीवरचा थंड, चिकट लेप पदरानं टिपत होती. बाईंनी मोबाइलची बॅटरी लावली आणि चक्क त्याच्या पायाशी उकिडव्या बसल्या. एवढी शिकलेली बाई आपल्या पायाशी बसली याचीच त्याला आधी लाज वाटली, आणि मग पायांची. बोटांच्या नखांलगत मांसाचे दाणे उगवलेले होते, ज्वारीएवढे, एखाददुसरा त्याहून मोठा.

"कधीपासून आहेत हे?"

"लई वर्सं झाली, म्याडम. दूध संघाच्या चिलिंग सेंटरला व्हतो मी. दिसभर पाय पान्यात. त्यानं आलेत. वाढले की ब्लेडनं काढून टाकतो."

"पाण्यानं येत नाहीत हे. तुमच्या मुलीच्या पायालाही आहेत, आत्ताच बघितले मी. ती कधी होती चिलिंग सेंटरला?"

बाईंनी उजेड वर त्याच्या तोंडावर धरला. नाकाच्या दोन्ही अंगांना तांबूस, बारीक पुटकुळ्या होत्या, मिसरूड फुटायच्या आधीपासूनच्या. दाढी करताना हमखास कापायच्या. त्या बाईंनी जवळून निरखल्या. मग म्हणाल्या, "लहानपणी आकडी यायची तुम्हाला?"

"न्हाई," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याला आईचा आवाज ऐकू आला. 'तुला बी यायची की रं आकडी. कांदा फोडून नाकाशी धरायचे मी. मोठा झाला तशी गेली.' तो चाचरला. "म्हंजी... आई सांगायची, यायची म्हनून."

"मग बरोबर आहे," बाई उठत म्हणाल्या, आणि त्यांनी सगळं सोपं करून सांगितलं. बाळाच्या हृदयात तीन लहान गाठी आहेत. त्या कॅन्सरच्या नाहीत, कुठं पसरत नाहीत. पोटात असतानाच धरतात आणि बाळ वाढेल तशा बहुतेक वेळा आपोआप विरत जातात. क्वचित एखादी रक्ताच्या वाटेत येते, ठोके चुकवते, म्हणून अधूनमधून मशीनवर बघत राहायचं. आकडीवर मात्र डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं, खरी काळजी तिची. हे बहुतेक वेळा घराण्यातून येतं; आईला नाहीतर बापाला असलं तर दर लेकराला आठ आणे शक्यता. एखाद्याला अंगावर पांढरा डाग नि नखाला दाणे एवढ्यावरच सुटका मिळते, तो जन्मभर कामधंदा करतो, संसार करतो, आणि त्याला पत्ताही नसतो. "रक्त तपासून पक्कं करू. पण मला विचाराल तर हे तुमच्याकडून आलंय, आजोबा. तुमच्याही हृदयात अशाच गाठी असतील लहानपणी. विरून गेल्या. तेव्हा बघणार कोण होतं?"

कावेरीनं मान वर केली. पडद्याच्या उजेडात तिच्या गालांवरच्याही पुटकुळ्या दिसत होत्या. कॉलेजला असताना ती त्यावर नाही नाही ती मलमं लावायची. "म्हंजी दादा," ती म्हणाली. त्यांच्या गावाकडं बापाला दादाच म्हणतात. "मी तुमच्यावर गेले की! समदे आपले म्हनत्यात, आईवर गेली, आईवर गेली." ती हसत होती. त्यालाही हसायला पाहिजे होतं. पण त्याच्या दोन्ही हातांत अजून चपला होत्या, आणि हातात चपला घेऊन हसणं त्याला जमलं नाही.

बाहेर व्हरांड्यात लोखंडी खुर्च्यांची रांग होती. रिपोर्ट मिळायला वेळ होता. कावेरी एका खुर्चीवर बसली, शेजारच्या खुर्चीवर तिनं बाळाच्या कपड्यांची पिशवी ठेवली, आणि पिशवीच्या पलीकडं तो बसला. खरं म्हणजे आज त्यानं यायचंच नव्हतं. जावई जालिंदरला शाळेतून रजा मिळाली नव्हती, आणि मंजुळेचे, म्हणजे त्याच्या बायकोचे, गुडघे धरले होते. नाहीतर दवाखाना हे मंजुळेचं खातं. कावेरीला घेऊन पुण्याला जायची ती मंजुळा, आकडीच्या गोळ्या संपायच्या आत आणायची ती मंजुळा, बाळंतपणाच्या डॉक्टरला "हिच्या काळजात लहानपनी गाठी व्हत्या, लेकराचं बी बघा" असं चारचारदा बजावणारी मंजुळाच. उत्तरेश्वर आपला बीडच्या घराखालचं पिशव्यांच्या दुधाचं बूथ सांभाळायचा. मशीनच्या खोलीत तो याआधी एकदाच शिरला होता, बावीस-तेवीस वर्षांमागं, पुण्यात, तान्ह्या कावेरीसाठी. तेव्हाही अंधार केलेला होता. तेव्हाही पडद्यावर काहीतरी करडं उघडझाप करत होतं, आणि एक तरुण डॉक्टर पेनाचं टोक लावून दाखवत होता, ही एक, ही एक आणि ही इथं. तो डॉक्टर पुष्कळ बोलला. आज या बाई बोलल्या तेच बोलला असणार. घाबरू नका, वाट बघा, विरतात, असं म्हणालाही असेल. पण उत्तरेश्वरनं एकच शब्द ऐकला, गाठी, आणि त्याच्या पुढं त्याचे कान चाललेच नाहीत.

कारण गाठी म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्याचं पोटच त्यावर होतं. गेवराईच्या बाजूला दूध संघाचं ते चिलिंग सेंटर. आसपासच्या गावांच्या सोसायट्यांचे कॅन टेम्पोतून उतरायचे आणि उत्तरेश्वर एकेकाचं झाकण उघडून आत नाक घालायचा. शंका आली की काचेच्या नळीत घोटभर दूध घ्यायचं आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरायचं. चांगलं दूध उकळून शहाण्यासारखं वर येतं. नासायला लागलेलं दूध काचेला धरतं, त्यात बारीक बारीक गाठी होतात. गाठ दिसली की कॅनवर खडूची फुली, आणि कॅन परत. चकलांब्याच्या सोसायटीचा सेक्रेटरी धोंडीराम एकदा भर उन्हात त्याचा हात धरून म्हणाला होता, "आरं उत्तरेश्वर, टेम्पो फेल झालता रस्त्यात, म्हनून उशीर झाला. येक डाव पुन्हा बघ की बे." त्यानं पुन्हा बघितलं नाही. पुन्हा बघून काय होणार? गाठ धरलेलं दूध पुन्हा दूध होत नाही. जगात इतर पुष्कळ गोष्टींची त्याला खात्री नव्हती, पण याची होती. उत्तरेश्वरनं फुली मारली की देव आला तरी पुसत नाही, असं लोक म्हणायचे, आणि खोटं कशाला सांगा, त्याला ते ऐकून बरं वाटायचं.

कावेरी जन्मली ते साल तर गाठींचंच होतं. पाऊस लागोपाठ हुकलेला, विहिरींचे तळ दिसत होते, गावात टँकर आला की बायका घागरी घेऊन पळत सुटायच्या. जनावरं छावणीला नेऊन बांधलेली. जिथं चार कॅन यायचे तिथं अर्धा कॅन यायचा आणि तोही उन्हानं तापून. त्या उन्हाळ्यात त्यानं जितकं दूध गटारीत ओतलं तितकं पुढं कधीच नाही. पांढरी गटार सेंटरच्या मागनं वाहायची आणि तहानलेली कुत्री तिथं येऊन चाटत बसायची. पुण्याहून एसटीनं परत येताना मंजुळा खिडकीशी बाळ पाजत बसली होती, आणि त्याच्या डोळ्यांसमोर नळी होती, नळीच्या काचेला धरलेले कण होते. त्यानं मनातल्या मनात खडू घेतला आणि फुली मारून टाकली. एवढं सोपं झालं ते. अहमदनगरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मंजुळा म्हणाली, "घ्या की जरा हिला, मी तोंड धुऊन येते." तो म्हणाला, "ठिव तितं शिटावर." मंजुळेनं त्याच्याकडं बघितलं, बाळ तसंच खांद्यावर टाकलं आणि बाळासकट खाली उतरली.

बारसं राहिलंच. बाराव्या दिवशी बाळ बीडच्या दवाखान्यात होतं, मग पुण्यात. परत आल्यावर आई, केशरबाई, म्हणाली, "आता तरी नाव ठिवा रं पोरीचं. पाळना कावून आडवून ठिवलाय?" शेजारपाजारच्या बायका ओट्यावर बसलेल्या. मंजुळा आतून ऐकत होती. आणि तो म्हणाला, "कशाला नाव न् गाव? चार दिसांची पाव्हणी हाय ती." त्याला वाटलं होतं आपण फार कणखर बोललो. बायकांनी पदर तोंडाला लावले, केशरबाई उठून आत गेली. पण शब्द गावाला सापडला. कुणी हौसेनं, कुणी कीव येऊन, कुणी नुसतं दुसरं नाव नाही म्हणून पोरीला पाव्हणी म्हणू लागलं. पाव्हणी रांगाया लागली. पाव्हणीला दात आला. पाव्हणी शाळेत जायच्या वयाची झाली तेव्हा मास्तरांनी विचारलं, "नाव काय लिहायचं?" त्या वेळीही तो नव्हता, मंजुळाच होती, आणि तिनं उभ्या उभ्या सांगितलं, "कावेरी लिवा. भरल्या नदीचं नाव हाय ते."

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. त्याचं तर तोंड पोळलंही नव्हतं. तो आधीपासूनच फुंकत बसला. हिला जीव लावायचा नाही, म्हणजे गेली तर त्रास होणार नाही, असा साधा हिशेब. आणि असा हिशेब एकदा केला की तो चालवावा लागतो, रोज, घरात, डोळ्यांसमोर. सेंटरच्या क्वार्टरमध्ये पत्र्याखालच्या लोखंडी पाइपाला झोळी बांधलेली असायची. एका दुपारी मंजुळा टँकरला गेली होती आणि पोर रडायला लागली. आधी थोडं, मग गळा काढून. तो उंबऱ्यात बसला होता. झोळीला एक लांब दोरी बांधलेली होती, चुलीपाशी बसून झोका देता यावा म्हणून मंजुळेनं बांधलेली. त्यानं ती दोरी ओढली. उंबऱ्यातून. झोळी हलायची, पोर क्षणभर गप्प व्हायची, वाट बघायची, मग पुन्हा रडायची. तो दोरी ओढत राहिला. चार पावलांवर पोर होती. त्या दुपारी त्याच्या छातीत काहीतरी इतकं दुखत होतं की त्याला वाटलं, बरं झालं आपण जीव लावला नाही ते. आज या खुर्चीवर बसल्या बसल्या त्याला प्रथमच कळलं की ते दुखणं म्हणजेच जीव लावणं होतं. ते झालेलंच होतं, फक्त पोरीपर्यंत पोचलं नव्हतं. दोरीच्या या टोकालाच राहिलं होतं.

आणि पोर गेली नाही. मंजुळा तिला घेऊन पुण्याला जायची, यायची. एकदा परत आली ती एसटीतनं उतरून घरी न जाता थेट सेंटरला आली. पोर कडेवर, दोन वर्षांची असेल. तो कॅनमध्ये नाक घालून उभा. मंजुळा म्हणाली, "गेल्या."

"काय गेलं?"

"गाठी. दोन पार गेल्या. येक जरा हाय, ती बी जाईल म्हनले."

त्यानं मान वर केली. मंजुळेचे डोळे भरून आले होते, आणि पोर त्याच्या हातातल्या नळीकडं बोट करत होती. त्या घटकेला हातातली नळी टाकून तिला उचलायला हवं होतं. एवढंच करायला हवं होतं. त्याऐवजी त्याच्या तोंडून आलं, "बरं." आणि मग, "मशीनची चूक बी आसंल. पुढच्या टायमाला बघू." मंजुळेनं पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि गेली. त्याला आनंद झाला नव्हता असं कोण म्हणेल? इतका झाला होता की त्या दिवशी एक वास मारणारा कॅन त्यानं तसाच टाकीत सोडला. पण फुली मारणारा माणूस तो. पुसायची कशी, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं ठरवलं, पुढच्या खेपेला नक्की कळू दे, मग सुरू करू. पुढच्या खेपेला नक्की कळलं. पण तोवर पोर त्याच्याकडं यायची थांबली होती. डबा घेऊन सेंटरच्या फाटकापर्यंत यायची, डबा खाली ठेवायची आणि दोन पावलं मागं सरून उभी राहायची, परक्याच्या दारात उभं राहावं तशी.

मग माया सुरू करायला मुहूर्त लागू लागला. शाळेत नाव घालताना करू. आकडी येऊन गेल्यावर ती ग्लानीत पडायची, तेव्हा एकदा त्यानं तिच्या कपाळावर हात ठेवला, तर ती जागी झाली आणि घाबरून "आई" म्हणाली. त्यानं हात काढून घेतला. दहावीला पास झाली तेव्हा पेढे आणले, ते मंजुळेच्या हातात दिले. लग्नात पाठवणीच्या वेळी तो ओक्साबोक्शी रडला, मांडवातली माणसं त्याला धरायला आली, बाप असावा तर असा म्हणाली. आणि कावेरीनं काय केलं? ती जवळ आली, त्याच्या पाठीवर हात फिरवला, म्हणाली, "उगी दादा. पानी आना रं कुनीतरी ह्यांला." इतर पाहुण्यांनी त्याची समजूत घातली, त्यात एक ती.

तसा तो वाईट बाप नव्हता. शिकवलं, सवरलं, दुसऱ्या दुष्काळात दूध संघ बुडीत निघाला तेव्हा बिऱ्हाड बीडला आणून पिशव्या विकल्या, पण पोरीचं कॉलेज मोडू दिलं नाही. हे सगळं खरं होतं आणि त्याचा आज काही उपयोग नव्हता. आज त्याला सारखी आई दिसत होती. बहात्तरच्या दुष्काळात केशरबाई खडी फोडायला जायची, रस्त्याच्या कामावर. तो तिच्या कडेवर, नाहीतर बाभळीला बांधलेल्या लुगड्यात. तिच्या कडेवरच्या त्या काळजातही गाठी होत्या. आकडी यायची, डोळे फिरायचे. ती हातोडा टाकून धावायची, कांदा फोडायची, छातीशी धरायची आणि मुकादमाच्या शिव्या खायची. तिला कुणी पडदा दाखवला नव्हता. पोर जगतं का मरतं हे तिलाही ठाऊक नव्हतं, पण त्याचा आणि उचलून घ्यायचा काही संबंध आहे, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. दगड फोडणाऱ्या बाईला जे कळलं ते दूध पारखणाऱ्याला कळलं नाही. आणि त्यानं ज्या गाठींवर फुली मारली त्या कुठून आल्या होत्या? बोटांवर उगवायचं ते तो ब्लेडनं कापून टाकत होता, आणि तेच पोरीच्या काळजात बसलेलं बघून तो एसटीत तोंड फिरवून बसला होता. त्याच्या आईनं त्याला परत पाठवलं असतं तर? त्याला तिथंच, त्या लोखंडी खुर्चीवर, मोठ्यानं रडावंसं वाटलं. पण समोर माणसं बसलेली.

कावेरीच्या पलीकडं नांदूरघाटची एक म्हातारी बसली होती, पारूबाई. सुनेच्या बाळाला तपासायला आणलेलं. सून बाळाला घेऊन पाणी आणायला गेलेली. दोघींच्या गप्पा केव्हाच रंगल्या होत्या. "नाव काय ठिवलं गं?" पारूबाईनं विचारलं. "केशर," कावेरी म्हणाली. "पोटात होती तवाच ठरिवलं व्हतं. माझ्या आजीचं नाव हाय." बारशाच्या दिवशी बायकांनी पाळण्यापाशी हे नाव घेतलं तेव्हा उत्तरेश्वरला भरून आलं होतं, लेकीनं आपल्या आईचं नाव ठेवलं, आपल्यासाठीच ठेवलं, असं त्याला वाटलं होतं. आता कावेरी पुढं सांगत होती, "लई जीव व्हता तिचा माझ्यावर. मला खाली ठिवायचीच न्हाई. समदे म्हनायचे ही जगत न्हाई, तर आजी म्हनायची, जगंल न्हाईतर मरंल, तवर माझ्या मांडीवर ऱ्हाईल." म्हणजे ते तसं होतं. तो पिशवीच्या अलीकडं बसून ऐकत होता आणि पिशवीचा बंद उगाच गुंडाळत होता, सोडत होता.

आतून कावेरीच्या नावाचा पुकारा झाला. रिपोर्ट घ्यायचा, सही करायची, मग खाली दुकानातून औषध आणायचं. ती उठली. छातीशी बाळ, हातात फाइल, खांद्यावरून घसरणारा पदर. उत्तरेश्वर उठून उभा राहिला. त्यानं हात पुढं केले. निदान त्याला वाटलं, केले. बावीस वर्षांत न वापरलेले हात ते, किती पुढं येणार? कावेरीनं इकडं तिकडं बघितलं, तिची नजर त्याच्यावरून गेली, खुर्चीवरून जावी तशी, आणि ती वळून म्हणाली, "मावशी, धरता का जरा हिला? आलेच मी."

"धरते की गं. पन हे तुझे वडील न्हवं का? त्यांच्याकडं दे की."

"ते लेकरं घेत न्हाईत, मावशी," कावेरी म्हणाली.

चहात साखर घेत नाहीत, असं सांगावं तसं ती म्हणाली. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. राग असता तर तो काहीतरी बोलला असता, भांडला असता, रडला असता. ती तर बापाची एक सवय सांगत होती, त्याची अडचण होऊ नये म्हणून. बाळ पारूबाईच्या मांडीवर ठेवून ती फाइल सावरत निघून गेली.

पारूबाई त्याच्याकडं बघून हसली. "कावून घेत न्हाई वो? बाप्या मानसाला काय हात नस्त्यात?"

"तसं काई न्हाई," तो म्हणाला.

"मंग?"

तेवढ्यात दारातून पारूबाईच्या नातवाचं नाव पुकारलं, तिकडून तिची सून धावत आली, आणि म्हातारी "आगं बया, आमचा लंबर!" म्हणत उठली. तिनं विचारलंबिचारलं नाही. केशरला उचललं आणि त्याच्या हातांत ठेवलं. "धरा. मान संभाळा."

मान सांभाळायची म्हणजे काय, हे त्याला माहीत नव्हतं. तो तसाच हळूहळू खाली बसला, बाळ सांडेल या भीतीनं. डोकं डाव्या कोपराच्या खळग्यात आपोआप येऊन बसलं. ती जागा तिथं आहे हे त्याला पन्नाशी उलटून गेल्यावर कळलं. केशरला कढत दुधाचा, तेलाचा, चिकट लेपाचा असा काहीतरी मिसळलेला वास होता. त्यानं सवयीनं नाक खाली नेलं आणि तिथंच ठेवलं. झबल्याच्या आत, त्याच्या तळव्याखाली, ठोके पडत होते, केवढे भरभर. त्या ठोक्यांच्या आत तीन गाठी. त्याच्याच. ती जगणार होती का, आकडी येणार होती का, पुढं काय वाढून ठेवलं होतं, हे डॉक्टरीणबाईही सांगू शकत नव्हत्या, आणि त्याला पहिल्यांदाच ते जाणून घ्यायचं नव्हतं. केशरनं डोळे उघडले, त्याच्या नाकावरच्या पुटकुळ्यांकडं बघितलं, पुन्हा मिटले. मग त्याचा शर्ट पोटावर गरम गरम ओला झाला. तो हलला नाही. अशी एक दुपार त्याला हवी होती. एकच, त्या पत्र्याखाली, दोरी सोडून.

"आगं माय!" कावेरी धापा टाकत आली. "मावशीनं तुमच्याकडं दिली व्हय? आन् शर्ट बी भिजवला बघा हिनं." तिनं औषधाची पिशवी खुर्चीवर टाकली आणि चटकन वाकून बाळ त्याच्या हातांतून उचलून घेतलं. पदरानं त्याचा शर्ट टिपू लागली. "लई तरास झाला का वो दादा?"

"न्हाई," तो म्हणाला. "तरास कसला."

"घरी गेल्याव लगीच बदला. आईला सांगते मी." ती बाळाचं झबलं काढायला लागली.

"कावेरी," तो म्हणाला.

तिनं मान वर केली. त्यानं तिला नावानं हाक मारल्याचं दोघांनाही आठवत नव्हतं. अगं, ए, हिकडं ये, असंच चालायचं. ती थोडी घाबरलीच. "काय वो? बरं वाटत न्हाई का?"

आनखी जरा राहू दे माझ्यापाशी. एवढेच शब्द होते. ते त्याच्या तोंडापर्यंत आले. पण ती त्याच्या चेहऱ्याकडं इतक्या काळजीनं, इतक्या अदबीनं बघत होती, पाहुण्याला काही कमीजास्त तर झालं नाही ना असं बघावं तशी, की ते शब्द तिथंच राहिले.

"काई न्हाई," तो म्हणाला. "मी रिक्षा बघतो. तुमी या सावकाश."

तो जिना उतरला. रस्त्यावर ऊन रणरणत होतं, पाण्याचा एक टँकर गळत गळत चालला होता. त्यानं उजव्या हातानं रिक्षाला हात केला. डावा हात कोपरात तसाच वाकलेला होता, आणि रिक्षा येऊन थांबली तरी त्यानं तो सरळ केला नाही.